दर्यावर्दी, महासाथ आणि उपचाराचा हक्क

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च आणि आकडेवारी यांच्या जोडीला एखाद्या आरोग्यविषयक प्रश्नाची सविस्तर ओळख करून देण्याचा प्रघात आम्ही पाळीत आलो आहोत. मधुमेह, क्षयरोग, सर्पदंश, बाळंतिणीचा आहार अशा विषयांवर या पानांतून आजवर लिहिले गेले. यंदाचा विषय त्या मानाने दूरचा वाटण्याचा संभव आहे. व्यापारी जहाजांवर काम करणारे खलाशी व अधिकारी, करोनाच्या महासाथीत त्यांना मिळालेली वागणूक, आणि आजारी माणसाने किनाऱ्यावर उतरून उपचार घेण्याच्या साध्या हक्काचे त्या काळात काय झाले, हा तो विषय होय.

तो वास्तविक दूरचा नाही, हे कोकण किनाऱ्यावरील वाचकांस सांगावयास नको. 'मुलगा बोटीवर आहे' हे वाक्य आपल्या परिसरातील गावागावांत ऐकू येते. आपल्या देणगीदारांच्या यादीतही बोटीवरच्या कमाईतून आलेल्या रकमा आहेत. तथापि बोटीवर नेमके काय असते, आजारपण आले तर तेथे काय करतात, हे घरच्या माणसांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

२०२० च्या पावसाळ्यात रक्तदाब तपासण्यासाठी येणाऱ्या एक मावशी आम्हांला आठवतात. प्रत्येक खेपेला त्या एकच प्रश्न विचारीत, "डॉक्टर, समुद्रावर करोना असतो का हो?" त्यांचा मुलगा नऊ महिन्यांच्या करारावर गेलेला होता आणि त्याला पंधरावा महिना लागला होता. गोळ्या बदलून पाहिल्या, मात्रा वाढविली, तरी दाब उतरेना. पुढे मुलगा सुखरूप घरी आला. त्याने दाब एकदम खाली आला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु मावशींना रात्रीची झोप लागू लागली. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आम्ही नीटसे देऊ शकलो नव्हतो. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

जहाजावरील माणूस आणि त्याचा करार

जगातील मालाच्या व्यापारापैकी आकारमानाने ८० टक्क्यांहून अधिक वाहतूक समुद्रमार्गे होते. आपल्या घरातील गॅस, गाडीतील इंधन, स्वयंपाकाचे तेल, एवढेच नव्हे तर रुग्णालयातील अनेक यंत्रे व औषधांचा कच्चा माल यांचा प्रवास कोठे ना कोठे जहाजाने झालेला असतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अहवालानुसार सुमारे १८ लाख ९० हजार दर्यावर्दी ७४ हजारांहून अधिक जहाजे चालवीत होते. फिलिपाइन्स, रशिया, इंडोनेशिया, चीन आणि भारत हे मनुष्यबळ पुरविणारे पाच प्रमुख देश आहेत. भारतातील या क्षेत्राचे नियमन करणारे नौवहन महासंचालनालय मुंबईतच आहे.

मालवाहू जहाज कितीही अवाढव्य असले तरी त्यावर साधारणतः वीस-पंचवीसच माणसे असतात. त्यांतील बहुतेक जण कंपनीचे कायम नोकर नसतात. ठरावीक महिन्यांच्या करारावर चढतात आणि करार संपताच उतरतात. उतरल्यावर पगार थांबतो, आणि पुढचा करार मिळेपर्यंत घरखर्च साठवणीवर चालतो. म्हणून वेळेवर उतरणे जितके महत्त्वाचे, तितकेच वेळेवर चढणेही.

या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ साली सागरी श्रम करार संमत केला. तो २०१३ च्या ऑगस्टपासून अमलात आला आणि भारताने २०१५ साली त्यास मान्यता दिली. त्यातील काही तरतुदी घरच्या मंडळींनीही लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. सलग बारा महिने होण्यापूर्वी माणसास घरी परतण्याचा हक्क आहे आणि परतीचा खर्च जहाजमालकाने करावयाचा आहे. आजारी पडल्यास विनामूल्य उपचार, तसेच जहाज बंदरात असताना शक्य तेथे किनाऱ्यावरील डॉक्टरांकडे जाण्याची मुभा, हेही त्यात स्पष्टपणे नमूद आहे.

जहाजावर डॉक्टर असतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो बहुतांशी खरा नाही. शंभर वा अधिक माणसे घेऊन तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासास निघालेल्या जहाजावरच डॉक्टर असणे बंधनकारक आहे. मालवाहू जहाजावर ही जबाबदारी वैद्यकीय प्रशिक्षण घेतलेल्या एखाद्या अधिकाऱ्याकडे असते. औषधांची पेटी, एक मार्गदर्शक ग्रंथ आणि उपग्रहाद्वारे मिळणारा डॉक्टरांचा सल्ला एवढ्या सामग्रीवर त्याने निभावून न्यावयाचे असते. रोम येथील एक केंद्र तर १९३५ पासून जगभरच्या जहाजांना असा सल्ला विनामूल्य देत आले आहे. जखम शिवता येते, ताप उतरविता येतो, सलाईन लावता येते. परंतु हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, फुटलेले अपेंडिक्स यांवर जहाजात उपाय नाही. तेथे किनारा हाच उपाय.

पिवळा बावटा

साथ आणि जहाज यांचे वैर जुने आहे. बाहेरून आलेल्या जहाजांना व प्रवाशांना तीस दिवस दूर ठेवण्याचा हुकूम एड्रियाटिक समुद्रकाठच्या रागुसा नगराने १३७७ साली काढला. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली, आणि इटालियन भाषेतील 'चाळीस' या शब्दावरूनच 'क्वारंटाइन' हा शब्द रूढ झाला. आजही परदेशी बंदरात शिरणारे जहाज पिवळा बावटा लावते; 'आमच्या जहाजावर आरोग्य ठीक आहे, प्रवेशाची परवानगी द्यावी' असा त्याचा अर्थ आहे.

ही काळजी निराधार नव्हती. १९१८ चा इन्फ्लुएन्झा मुंबईत समुद्रमार्गेच आला असे मानले जाते. त्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबईत तापाने रुग्णालयात दाखल झालेल्या पहिल्या सात पोलिस शिपायांपैकी एक गोदीवर नेमणुकीस होता. किनाऱ्यावरील वस्तीचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. मात्र अशा वेळी जहाजावरील माणसांचे रक्षण कोणी करावयाचे, हा प्रश्न सहा शतके मागे पडत राहिला. २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीने त्याचे काहीसे उत्तर दिले. सार्वजनिक आरोग्याचे कारण पुढे करून जहाजास बंदरात येण्यापासून सरसकट अडवू नये; तपासावे, आवश्यक ते उपाय करावेत आणि मार्ग मोकळा करावा, असा तिचा आशय आहे. २०२० साली या नियमावलीची कसोटी लागली.

२०२० : साखळी कोठे तुटली

महासाथीच्या अगदी आरंभी, फेब्रुवारी २०२० मध्ये, जपानमधील योकोहामा येथे 'डायमंड प्रिन्सेस' हे प्रवासी जहाज विलगीकरणात ठेवण्यात आले. त्यावरील ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना लागण झाली. जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यांपैकी १३२ जण कर्मचारी होते. प्रवाशांना आपापल्या खोल्यांत राहण्यास सांगण्यात आले. त्यांना जेवण पोहोचविण्याचे काम मात्र कर्मचारीच करीत होते, आणि रात्री दाटीच्या सामाईक खोल्यांत झोपत होते. प्रवाशाचे विलगीकरण खलाशाच्या श्रमावर उभे होते. पुढील दोन वर्षांत जगभर जे घडले, त्याची ही जणू पूर्वसूचनाच होती.

मार्च २०२० मध्ये भारतासह अनेक देशांनी टाळेबंदी पुकारली, आंतरराष्ट्रीय विमाने थांबली, सीमा बंद झाल्या. जहाजे मात्र थांबली नाहीत. थांबून चालणारही नव्हते. माल उतरविण्यास परवानगी होती, माणूस उतरविण्यास नव्हती.

एक माणूस उतरून त्याच्या जागी दुसरा चढावा यासाठी काय काय जुळून यावे लागते, याची कल्पना करावी. बदली माणसाने गावाहून निघून शहरात पोहोचावे, मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, व्हिसा मिळवावा, करोना चाचणीचा अहवाल ठरावीक तासांच्या आत हाती असावा, विमान मिळावे, परदेशात उतरून हॉटेलात विलगीकरण पुरे करावे, आणि हे सर्व होऊन तो धक्क्यावर पोहोचेल त्या वेळी जहाज बंदरात असावे. कंटेनर घेऊन जाणारे जहाज पुष्कळदा एक दिवसही बंदरात थांबत नाही. यांपैकी एक दुवा निखळला की जहाज पुढे निघून जाते, आणि आतल्या माणसाचा करार आणखी एका फेरीने लांबतो. तो लांबविताना त्याची संमती घेतली जाई. परंतु उतरण्याची वाटच नसेल तर त्या संमतीला अर्थ किती, हे वाचकांनीच ठरवावे.

२०२० च्या अखेरीस, आंतरराष्ट्रीय संघटनांच्या अंदाजानुसार, सुमारे चार लाख दर्यावर्दी करार संपूनही जहाजांवर अडकले होते. जवळपास तितकेच घरी बसून चढण्याची वाट पाहत होते, आणि त्यांना पगार नव्हता. कित्येकांची सलग सेवा सतरा-अठरा महिन्यांवर गेली.

भारतापुरते बोलावयाचे तर शासनाने तुलनेने लवकर पावले उचलली, हे नमूद करणे न्यायाचे होईल. २१ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने भारतीय बंदरांत भारतीय खलाशांना उतरण्या-चढण्यासाठी कार्यपद्धती जाहीर केली, आणि दोनच दिवसांनी मुंबई बंदरात 'मरेला डिस्कव्हरी' या प्रवासी जहाजावरून सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी उतरले. किनारा दिसत असूनही कित्येक दिवस त्यांना उतरता आलेले नव्हते. त्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत बंदरांतून आणि विशेष विमानांनी मिळून एक लाखाहून अधिक खलाशांची अदलाबदल झाल्याचे शासनाने जाहीर केले.

परक्या किनाऱ्यांवर मात्र आपले काही बांधव अडकूनच राहिले. ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन गेलेले 'जग आनंद' हे भारतीय जहाज जून २०२० पासून चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर नांगरून पडले. त्यावर २३ भारतीय होते. 'अनास्तासिया' हे दुसरे जहाज सप्टेंबरपासून काओफेइदियान बंदराजवळ उभे होते. त्यावर १६ भारतीय होते. माल उतरविण्याची परवानगी नाही आणि माणसे बदलण्याचीही नाही. चीनने साथप्रतिबंधक नियमांचे कारण दिले. त्यामागे चीन व ऑस्ट्रेलिया यांच्यातील व्यापारी तंट्याची छाया होती. अखेर 'जग आनंद' जानेवारी २०२१ मध्ये जपानला गेले व तेथून खलाशी मायदेशी परतले. 'अनास्तासिया'वरील मंडळी त्यापुढील महिन्यात आली. दोन राष्ट्रांच्या वादाशी या माणसांचा काडीचाही संबंध नव्हता.

देह आणि मन

एक डॉक्टर या नात्याने या परिस्थितीकडे पाहिले असता तीन गोष्टी ठळकपणे दिसतात.

पहिली थकव्याची. जहाजावर रविवार नसतो. पाळी, इंजिनाचा अखंड घरघराट, लाटांवरची तुटक झोप हे सर्व माणूस सहन करतो, कारण त्याला उतरण्याचा महिना ठाऊक असतो. तो महिनाच नाहीसा झाला की सहनशक्तीचा आधार जातो. दीर्घ थकव्याने लक्ष विचलित होते, निर्णय चुकतात. आणि अवजड यंत्रे, उंच शिड्या, बंदिस्त टाक्या असलेल्या जागी चुकीची किंमत प्राणांत मोजावी लागते.

दुसरी गोष्ट जुनाट आजारांची. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांच्या गोळ्या माणूस कराराच्या हिशेबाने बरोबर नेतो. नऊ महिन्यांच्या गोळ्या पंधरा महिने कशा पुराव्यात? कोणी दिवसाआड घेऊ लागले, कोणी बंदच केल्या, असे परतलेल्या रुग्णांकडून आम्ही ऐकले. दाढदुखीसारखे साधे दुखणेही बंदरात उतरावयास न मिळाल्याने महिनोन्महिने अंगावर काढावे लागे. जहाजावर काम करण्यासाठी लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र दोन वर्षांहून अधिक काळ ग्राह्य नसते, यामागे कारण आहे. महासाथीत अशा मुदती वाढवून देण्यात आल्या. कागदाची मुदत वाढविता येते, शरीराची वाढविता येत नाही.

तिसरी गोष्ट मनाची. घरी वडील अतिदक्षता विभागात आहेत, पत्नी बाळंत झाली आहे, आईला प्राणवायू लागला आहे, आणि आपण समुद्रात. २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्या देशात दुसरी लाट शिगेला पोहोचली तेव्हा असंख्य भारतीय खलाशांची हीच अवस्था होती. त्यातच सिंगापूरसारख्या मोठ्या बंदरांनी नुकत्याच भारतातून आलेल्या खलाशांना घेण्यास मनाई केली, म्हणजे उतरण्याची व चढण्याची वाट पुन्हा बंद झाली. घरच्या आवाजाची ओढ किती तीव्र असते याचे एक दुःखद उदाहरण सांगण्यासारखे आहे. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे जहाज मॉरिशसच्या प्रवाळ खडकांवर चढले आणि त्यातील तेलाने तेथील निळे खाजण काळवंडले. मोबाइलचा सिग्नल मिळावा म्हणून जहाज किनाऱ्याच्या जवळ नेले गेले, हे पुढे चौकशीत उघड झाले. त्या चुकीचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु कुटुंबाशी दोन शब्द बोलण्याची सोय ही चैन नसून सुरक्षिततेचा भाग आहे, हा बोध त्यातून घ्यावयास हवा.

किनारा नाकारला जातो तेव्हा

या सर्वांत आम्हांस सर्वाधिक अस्वस्थ करणारी बाब म्हणजे आजारी माणसाला नाकारलेला प्रवेश. करोनाची लागण नसलेल्या, पण तातडीच्या उपचारांची गरज असलेल्या खलाशांनाही अनेक बंदरांत उतरू देण्यात आले नाही. ही स्थिती इतकी वाढली की १ जुलै २०२० रोजी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेला आजारी खलाशास त्वरित किनाऱ्यावर उतरवून उपचार द्यावेत, अशी स्वतंत्र शिफारस सर्व देशांना करावी लागली. ज्या गोष्टीबाबत आंतरराष्ट्रीय करार झालेलाच होता, तिची पुन्हा विनवणी करावी लागावी यातच सर्व आले.

मृत्यूनंतरही वाट मोकळी नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये एका इटालियन कंटेनर जहाजाच्या कप्तानाचे प्रवासात निधन झाले. त्यांचा मृतदेह उतरवून घेण्यास कोणताही देश तयार होईना. अखेर जहाजाने आपला नेहमीचा मार्ग सोडला आणि सुमारे दोन महिन्यांनी, जून महिन्यात, ते इटलीस पोहोचले. तोवर त्यांच्या कुटुंबास अंत्यसंस्कार करता आले नाहीत.

असे का व्हावे? कोणी दुष्ट होते म्हणून नव्हे, असे आमचे मत आहे. जहाजाचा मालक एका देशाचा, त्यावरील ध्वज दुसऱ्या देशाचा, माल तिसऱ्याचा, बंदर चौथ्याचे आणि खलाशी पाचव्या-सहाव्या देशांचे असतात. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखविले की आजारी माणूस कोणाचाच राहत नाही. प्रत्येक देश 'आपल्या' माणसांचे रक्षण करीत होता, आणि खलाशी कोणाच्याच यादीत 'आपला' नव्हता. कायदा नव्हता असे नाही. तो पाळण्याची पाळी आपली आहे, असे कोणास वाटले नाही, इतकेच.

डिसेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञ समितीने अनेक शासने सागरी श्रम करार पाळण्यात कमी पडल्याचे स्पष्ट शब्दांत नोंदविले. महासाथ हे अटळ संकट असल्याचे कारण कायम पुढे करता येणार नाही, असेही तिने बजावले. त्याच महिन्याच्या १ तारखेस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून खलाशांना अत्यावश्यक सेवेतील कामगार मानण्याचे आवाहन सर्व देशांना केले.

लसीच्या वेळीही अशीच कोंडी झाली. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसह पाच आंतरराष्ट्रीय संस्थांनी खलाशांना लसीकरणात प्राधान्य देण्याची विनंती केली. आपल्याकडे त्या वर्षी मे महिन्यात कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आले. सर्वसामान्य नागरिकांसाठी तो निर्णय योग्य असला, तरी ज्याला महिनाभरात जहाज धरावयाचे आहे त्याने काय करावे? कोव्हॅक्सिन घेतलेल्यांची अडचण निराळी होती. त्या लसीस जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता नोव्हेंबर २०२१ मध्ये मिळाली, तोपर्यंत अनेक देशांत ती ग्राह्य धरली जात नव्हती. ७ जून २०२१ रोजी परदेशी नोकरी वा शिक्षणासाठी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा देण्याची मुभा मिळाली आणि प्रमाणपत्रावर पासपोर्टचा क्रमांक घालण्याची सोय झाली. नियम थोडा वाकविला की माणसाची किती मोठी अडचण दूर होते, याचे हे उत्तम उदाहरण होय. अमेरिकेतील काही बंदरांनी तर परदेशी खलाशांनाही लस टोचली. 'हा आमचा नागरिक आहे काय?' असे न विचारता 'हा आमच्या दारात आला आहे' एवढेच त्यांनी पाहिले.

आमच्याही दारात

दुसऱ्या देशांच्या बंदरांविषयी इतके लिहून झाल्यावर आमच्याच दाराविषयी न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

२०२० च्या जून महिन्यात विशेष विमानाने परतलेला एक खलाशी रात्रीच्या सुमारास मुतखड्याच्या असह्य वेदना घेऊन आपल्या रुग्णालयात आला. 'बोटीवरून आलाय' हे शब्द फाटकावर ऐकताच त्याला बाहेर शेडमध्ये बसविण्यात आले. अहवाल हवा, वरिष्ठांना विचारावयास हवे, अशा घोळात जवळजवळ दोन तास गेले. वस्तुतः त्याचे विलगीकरण पूर्ण झाले होते आणि चाचणीचा अहवाल त्याच्या खिशातच होता. तो दाखवा, असे त्याला कोणी विचारलेच नव्हते. पुढे उपचार झाले, तो बरा होऊन घरी गेला. त्याने तक्रार केली नाही. "सवय झाली आहे," एवढेच तो म्हणाला.

ते शब्द आमच्या जिव्हारी लागले. त्या रात्री कामावर असलेल्या कर्मचाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. भीती सर्वांनाच होती, आणि नियम काय आहे हे आम्हीच त्यांना नीट सांगितले नव्हते. परंतु जी वागणूक त्याला परक्या बंदरांत मिळाली, तीच त्याच्या स्वतःच्या मुलखात आमच्याकडून मिळाली, हे सत्य आहे. त्यानंतर तातडीच्या रुग्णासाठी 'आधी तपासणी, मग कागद' हा नियम आम्ही लेखी केला आणि फाटकापासून अपघात विभागापर्यंत सर्वांना समजावून सांगितला. संसर्गाचा संशय असल्यास डॉक्टरांनी आवश्यक ती साधने घालून तपासावे. संशयापोटी रुग्णास तपासणीविना ठेवू नये. हा नियम पुढेही तसाच राहील.

घरच्या मंडळींसाठी काही सूचना

आपल्या घरातील कोणी बोटीवर असेल, तर पुढील गोष्टी आधीच करून ठेवाव्यात, असे आम्ही सुचवितो.

नियमित औषधे चालू असतील तर कराराच्या मुदतीपेक्षा किमान तीन महिन्यांची अधिक औषधे बरोबर द्यावीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे केवळ कंपनीचे नाव नव्हे, तर मूळ नाव व मात्रा इंग्रजीत सुवाच्य लिहून घ्यावी. म्हणजे परदेशी डॉक्टरांना ती कळू शकेल. जाण्यापूर्वी दात, डोळे, रक्तदाब व साखर यांची तपासणी करून घ्यावी आणि आजार लपवू नये. लपविलेला आजार भर समुद्रात उघडा पडतो.

नोकरीच्या कराराची सही झालेली प्रत, सीडीसी व पासपोर्ट यांच्या छायाप्रती, जहाजाचे नाव, कंपनीचा व एजंटाचा दूरध्वनी क्रमांक घरी ठेवावा. एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे किंवा नाही, याची खात्री पैसे किंवा कागदपत्रे देण्यापूर्वीच करावी. मालकाने जहाज वाऱ्यावर सोडल्यास परतीचा खर्च व चार महिन्यांपर्यंतचे वेतन यांची हमी देणारी आर्थिक तरतूद २०१७ पासून करारात बंधनकारक आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

आणि घरी असलेल्यांनी स्वतःचीही काळजी घ्यावी. काळजीने वाढलेला रक्तदाब, उडालेली झोप, सतत भरून येणारे मन हीदेखील दुखणीच आहेत. ती सांगण्यास संकोच करू नये.

पुढील साथीपूर्वी

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. या अनुभवातून काही चांगलेही निष्पन्न झाले. सागरी श्रम करारात २०२२ साली दुरुस्त्या झाल्या व त्या २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाल्या. तातडीच्या उपचारांची गरज असलेल्या खलाशास विनाविलंब उतरू देणे, मृत्यू झाल्यास देह वा अस्थी घरी पोहोचविण्यास साहाय्य करणे, चांगले पिण्याचे पाणी, घरच्यांशी संपर्काची सोय या गोष्टी त्यांत आल्या. २०२५ साली झालेल्या पुढील दुरुस्त्यांत दर्यावर्दींना अत्यावश्यक कामगार म्हणून मान्यता देण्याचे पाऊल उचलले गेले आहे.

मुंबईत मशीद बंदर येथील खलाशी-सदनात पहिल्या महायुद्धात प्राणांस मुकलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. समुद्राने ज्यांचे देह परत दिले नाहीत, अशांसाठी ते उभारले गेले. त्या पिढीसाठी आपण याहून अधिक काही करू शकत नाही. आजच्या पिढीसाठी करता येण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्याचा आरंभ अगदी साधा आहे. आजारी माणूस कोणत्याही वाटेने आला, विमानाने, गाडीने वा बोटीने, तरी दाराशी आला की तो आपला रुग्ण.

आपल्या उदार देणग्यांतून हे दार उघडे राहते. ते आल्या माणसाला उघडे मिळावे, ही जबाबदारी आमची. गेल्या काही वर्षांत ती पार पाडताना जेथे आम्ही कमी पडलो, ते आपणांसमोर मांडले आहे.